ताज्या रसाचं पत्रक : प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी

काम हातात आलं. आहार विभागासाठी चार पानी पत्रक करायचंय, विषय ताज्या फळांचे आणि भाज्यांचे रस. मॅडमनी तात्पुरतं नाव दिलंय, ‘ताज्या रसाचे आरोग्यदायी फायदे’. वाचक म्हणजे आमच्या खोलीबाहेर बाकावर नंबर लागायची वाट बघत बसलेली माणसं. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या फोनमध्ये कुणी ना कुणी पाठवलेला एखादा रस असतोच. रक्तदाबाला बीट, डोळ्यांना गाजर, ‘आतून सफाई’ करायला काहीतरी हिरवंगार. आत आल्या आल्या विचारतात, ‘हे सुरू करू का?’

याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही, आणि समोरच्याला नेमका एकच शब्द हवा असतो. म्हणून सांगाडा असा धरलाय: कशाचा रस, किती, कशाच्या जागी आणि कुणासाठी. नुसती फायद्यांची यादी करायची नाही. तशा याद्या त्या फोनांमध्ये भरपूर आहेत.

५ फेब्रुवारी

विभागाच्या स्वयंपाकघरात वजनकाटा घेऊन बसले. अर्धा किलो गाजरं, धुऊन, शेंडे उडवून, साल ठेवून. स्लो ज्यूसरमधून जेमतेम अडीचशे मि.ली. रस निघाला, म्हणजे एक पेला. उरलेला चोथा ताटलीत काढून काट्यावर ठेवला तर तोही जवळजवळ तेवढाच भरला. मुठीत घट्ट पिळला तरी थेंबभरच ओल आली, पण रंग अजून भडक केशरी. रंग उरलाय म्हणजे तो रंग देणारं कॅरोटीन उरलंय.

मग पोषणमूल्यांचे तक्ते काढले. १०० ग्रॅम कच्च्या गाजरात साधारण २.८ ग्रॅम तंतू (फायबर) असतात, म्हणजे अर्ध्या किलोत १४ ग्रॅम. पेलाभर रसात त्यातले दोनेक ग्रॅम उतरतात, बाकीचे ताटलीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शनाप्रमाणे मोठ्या माणसाला दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू हवेत. त्यातले बाराएक आपण केराच्या डब्यात टाकतो आणि वर ‘आज अर्धा किलो गाजर पोटात गेलं’ म्हणून खूश होतो.

साखर पाण्यात विरघळते, ती रसाबरोबर जाते. पोटॅशियम, क जीवनसत्त्व, फोलेट, नायट्रेट यांचंही तेच. चोथ्यात अडकतात न विरघळणारे तंतू, कॅरोटीनचा बराचसा हिस्सा आणि पेशींच्या भिंतींना धरून बसलेली पॉलिफेनॉल नावाची वनस्पतींतली संयुगं. पत्रकाचं पहिलं चित्र इथेच मिळालं: डावीकडे पेला, उजवीकडे चोथ्याची ताटली, आणि कुणाच्या वाट्याला काय आलं ते दोन्हींच्या खाली.

चोथ्याचं करायचं काय, हे लोक विचारणारच. सूपमध्ये घाला, पिठात मळा, असं लिहिता येईल. माझं खासगी मत विचाराल तर चोथा परत जेवणातच घालायचा असेल तर मध्ये यंत्र फिरवून ते धूत बसायची हौस कशाला? हे पत्रकात येणार नाही. ज्यूसरची जाळी घासायला मात्र रस काढण्यापेक्षा जास्त वेळ लागला, त्याची इथे नोंद असू दे.

८ फेब्रुवारी

आज संत्री. एका मध्यम संत्र्यात साधारण १२ ग्रॅम साखर आणि ३ ग्रॅम तंतू. २४० मि.ली. संत्र्याच्या रसात २१ ग्रॅमच्या आसपास साखर आणि तंतू अर्धा ग्रॅम. तेवढ्या रसाला तीनेक संत्री पिळावी लागतात. क जीवनसत्त्व मात्र १०० मि.ग्रॅ.च्या वर, म्हणजे मोठ्या माणसाची दिवसाची गरज एका पेल्यात भागते. ही गोष्ट पत्रकात ठळक हवी, कारण ती खरी आहे आणि लोकांना ऐकायलाही आवडते.

साखरेचा परिच्छेद तीनदा खोडला. ‘पण ही तर फळातली साखर ना?’ या प्रश्नाला सरळ उत्तर हवंय. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये ‘मोकळ्या साखरे’ची मर्यादा घातली: दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांपेक्षा कमी, आणि जमलं तर ५ टक्क्यांपेक्षाही कमी. पाच टक्के म्हणजे दिवसाला साधारण २५ ग्रॅम, सहा चमचे. या मोकळ्या साखरेत वरून घातलेली साखर येते, मध येतो, आणि फळांचा रसही येतो. अख्खं फळ येत नाही. साखर तीच, पण फळात ती पेशींच्या भिंतींआड कोंडलेली असते. चावून, पचवून ती हळूहळू सुटते. रस काढताना त्या भिंती आपण आधीच फोडून टाकलेल्या असतात.

त्यामुळे ‘साखर न घातलेला’ या शब्दांवर हुरळून जायचं कारण नाही. पेलाभर संत्र्याच्या रसानं सहा चमच्यांतले पाच संपतात.

ब्रिटनच्या आरोग्यसेवेचा नियम मला सगळ्यांत कामाचा वाटतो. दिवसाला १५० मि.ली. रस, आणि कितीही प्यायलात तरी फळं-भाज्यांच्या पाच वाट्यांमधला एकच वाटा धरायचा. मॅडमना तो फार कडक वाटतो. मी म्हटलं, आकडा छापूया, आणि शेजारी १५० मि.ली. म्हणजे किती ते पेल्यावर रेघ मारून दाखवूया. नुसत्या आकड्यावरून कुणी मापून पीत नाही.

९ फेब्रुवारी

वॉर्डात गर्दी. पत्रकाला हात लागला नाही.

१२ फेब्रुवारी

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातला १९७७ चा सफरचंदांचा प्रयोग पुन्हा वाचून काढला. दहा निरोगी माणसांना एकदा अख्खी सफरचंदं, एकदा त्यांचा गर आणि एकदा रस दिला. कर्बोदकं तिन्ही वेळा सारखीच. रस सफरचंदांच्या अकरा पट वेगानं संपला, गराच्या चौपट वेगानं. पोट भरल्याचं समाधान रसानं सगळ्यांत कमी, गरानं मधलं, सफरचंदानं सगळ्यांत जास्त. रक्तातली साखर तिन्ही वेळा जवळपास सारखीच चढली. पण रस आणि गरानंतर इन्शुलिन जास्त उसळलं आणि मग साखर जास्त खाली गेली. रस प्यायल्यावर तासाभरात पुन्हा भूक लागते अशी तक्रार करणाऱ्यांना आता हेच सांगणार आहे.

आणखी एक प्रयोग २००९ चा. जेवणाआधी अख्खं सफरचंद खाल्लं तर त्या जेवणात उष्मांक साधारण १५ टक्के कमी गेले. सफरचंदाच्या रसानं तसा परिणाम झाला नाही, आणि रसात तंतू वरून मिसळले तरीही नाही. म्हणजे गाळून झालेल्या रसात तंतूंची पूड ढवळली की फळ परत मिळालं, असं होत नाही. चावणं आणि फळाचं आकारमान या दोन्ही गोष्टी पुडीतून येत नाहीत.

मधुमेहाच्या चौकटीत ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकातला २०१३ चा अभ्यास घेतलाय. अमेरिकेतल्या आरोग्य क्षेत्रात काम करणाऱ्या १,८७,००० वर लोकांची अनेक वर्षांची माहिती. अख्खी फळं, त्यातही ब्लूबेरी, द्राक्षं आणि सफरचंदं जास्त खाणाऱ्यांमध्ये टाइप २ मधुमेहाचा धोका कमी दिसला, फळांचा रस जास्त पिणाऱ्यांमध्ये थोडा जास्त. असा अभ्यास संबंध दाखवतो, कारण सिद्ध करत नाही. हे वाक्य मॅडम जागेअभावी काढतील, मी परत घालेन.

१५ फेब्रुवारी

आतापर्यंतचं वाचून सहकारी म्हणाला, ‘अगं, तू फायद्यांचं पत्रक करतेयस की रसावर खटला भरतेयस?’ बरोबर बोलला. आजचा दिवस रसाच्या बाजूनं.

पहिली गोष्ट कॅरोटीनची. कच्चं गाजर नुसतं चावून खाल्लं तर त्यातलं थोडंच बीटा-कॅरोटीन अंगी लागतं, कारण बाकीचं न फुटलेल्या पेशींत तसंच पुढे जातं. रस काढताना पेशी फुटतात, त्यामुळे रसातलं कॅरोटीन जास्त सहज शोषलं जातं. म्हणजे चोथ्यात बरंच गेलं तरी पेल्यात आलेलं वाया जात नाही. ते स्निग्धात विरघळतं, म्हणून सोबत जेवण हवं, निदान चार शेंगदाणे तरी. रिकाम्या पोटी नुसता गाजराचा रस पिण्याचं जे माहात्म्य सांगतात, ते निदान कॅरोटीनपुरतं उलटं आहे. महिनोन् महिने रोज मोठे पेले प्यायले तर तळहात पिवळसर होतात. कावीळ झाली म्हणून घाबरून येतात. डोळ्यांचं पांढरं पिवळं झालेलं नसेल तर बहुधा गाजरच. प्रमाण कमी केलं की रंग उतरतो.

दुसरी लोहाची. वनस्पतींमधलं लोह क जीवनसत्त्वाच्या सोबतीनं जास्त शोषलं जातं. जेवताना अर्धा पेला संत्र्याचा रस किंवा पाण्यात पिळलेलं लिंबू, यानं खरंच फरक पडतो. चहा त्याच जेवणासोबत घेतला तर गणित उलटं होतं.

तिसरी लिंबाची. लिंबाच्या रसातलं सायट्रेट लघवीत कॅल्शियमला धरून ठेवतं आणि खडे बनायला अटकाव करतं. काही प्रकारच्या मुतखड्यांत डॉक्टर स्वतःहून लिंबूपाणी सुचवतात.

चौथी, ज्यांना चावता येत नाही त्यांची. दात नाहीत, तोंड आलंय, आजारपणात घास जात नाही. अशा वेळी रस ही चैन नसते, पोटात काही जावं म्हणून केलेली सोय असते. अशांना मात्र गाळलेल्या रसापेक्षा मिक्सरमध्ये सगळंच घुसळून द्यावं, तंतू आतच राहतात. गिळायला त्रास असेल तर पातळ पदार्थ श्वासनलिकेत जायची भीती असते, तिथे आधी डॉक्टरांना विचारायचं.

आणि जी भाजी एरवी ताटाकडे फिरकतच नाही, ती रसातून थोडी तरी जात असेल तर माझा विरोध नाही. भाजी जास्त, फळ चवीपुरतं, असं प्रमाण ठेवलं की साखर आपोआप आटोक्यात राहते. काकडी, टोमॅटो, सेलरी, पालेभाजी, वर लिंबू आणि आल्याचा तुकडा. प्रत्यक्षात दोन सफरचंदं टाकल्याशिवाय कुणाला ते प्यावंसं वाटत नाही, हा भाग निराळा.

१८ फेब्रुवारी

बीट. सगळ्यांत जास्त वेळ यालाच दिला, कारण रसांच्या सगळ्या दाव्यांमध्ये इतका नीट तपासलेला दुसरा सापडत नाही.

बिटात नायट्रेट भरपूर असतं. ते आतड्यातून रक्तात जातं आणि लाळग्रंथी त्यातला साधारण चौथा हिस्सा उचलून लाळेत सोडतात. जिभेच्या मागच्या भागावर राहणारे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. ते गिळलं की शरीरात त्यापासून नायट्रिक ऑक्साइड बनतं, आणि त्यानं रक्तवाहिन्या सैलावतात. म्हणजे हा रस पोटात गेल्यावर पुन्हा तोंडात येऊन जातो. जंतुनाशक माउथवॉशनं चुळा भरल्या की जिभेवरचे जिवाणू मरतात आणि साखळी मधेच तुटते. हे वाचल्यापासून बीट पिणाऱ्या प्रत्येकाला मी माउथवॉशबद्दल विचारते. लोक गोंधळून बघतात.

२०१५ मध्ये लंडनमध्ये रक्तदाबाच्या ६४ रुग्णांवर प्रयोग झाला. निम्म्यांना चार आठवडे रोज २५० मि.ली. बिटाचा रस, निम्म्यांना नायट्रेट काढून टाकलेला बिटाचाच रस. रंग तोच, चव तीच. नायट्रेटवाल्या गटात वरचा दाब सरासरी ८ आणि खालचा ४ अंकांच्या आसपास उतरला. रस थांबवल्यावर दोन आठवड्यांत दाब पुन्हा होता तिथे आला.

पत्रकात तीन गोष्टी येतील. परिणाम खरा आहे, पिणं चालू आहे तोवरच आहे, आणि गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. रक्तदाबाची गोळी चालू असताना रोज बीट सुरू केलं तर दाब घरी मोजून लिहून ठेवायचा. लघवी किंवा शौच लाल झालं तर घाबरायचं नाही, काहींना होतं. (हे वाक्य छापलं नाही तर फोन माझ्याच टेबलावर वाजतो.)

लहान बाळांना बीट-पालकाचा रस काढून ठेवून नंतर पाजायचा नाही. ठेवलेल्या रसात जिवाणू नायट्रेटचं नायट्राइट करतात आणि बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होऊ शकते. एरवीही अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१७ मध्ये सांगितलंय की वर्षाच्या आत रस नकोच, आणि एक ते तीन वर्षांपर्यंत दिवसाला १२० मि.ली.च्या वर नको.

२० फेब्रुवारी

यंत्रांवरून वाद. वेगानं फिरणाऱ्या ज्यूसरमध्ये ‘उष्णतेनं सगळं मरतं’ असं सहकाऱ्याचं म्हणणं. दोन्ही यंत्रांतून एकाच टोपलीतल्या सफरचंदांचा रस काढून थर्मामीटर बुडवला. वेगवान यंत्राचा किंचित कोमट, इतकाच फरक. त्यात हवा जास्त घुसते, फेस जास्त येतो आणि रस लवकर तपकिरी पडतो. हे काम फळातल्याच पॉलिफेनॉल ऑक्सिडेज नावाच्या विकराचं (एन्झाइमचं). लिंबू पिळलं की आम्लतेनं ते मंदावतं. कोणत्या यंत्रातून काढला यापेक्षा किती वेळानं प्यायला, हे जास्त महत्त्वाचं. यंत्रावर पत्रकात एकच ओळ.

२४ फेब्रुवारी

आज डॉक्टरसरांबरोबर औषधांची चौकट.

ग्रेपफ्रूटची (पपनसासारखं एक लिंबूवर्गीय फळ) गोष्ट छापायचा मोह होतो. १९८९ च्या सुमाराला कॅनडात डेव्हिड बेली यांचा गट फेलोडिपिन या रक्तदाबाच्या औषधावर मद्याचा काय परिणाम होतो ते बघत होता. मद्याची चव लपवायला ग्रेपफ्रूटचा रस वापरला आणि रक्तातलं औषध अपेक्षेच्या कितीतरी पट निघालं. गुन्हेगार रसच होता. त्यातली फुरानोकुमारिन नावाची द्रव्यं आतड्यातलं औषध मोडणारं विकर निकामी करतात, आणि एका पेल्याचा परिणाम दिवसभर, कधी त्याहून जास्त टिकतो. कोलेस्टेरॉलच्या सिमव्हास्टॅटिनसारख्या काही गोळ्यांच्या बाबतीत हे महागात पडतं. सर म्हणाले, ‘गोष्ट राहू द्या, गोळ्या लिहा.’ दोन्ही ठेवलं. गोष्टीमुळेच गोळी लक्षात राहते.

वॉरफरिन हे रक्त गोठू न देणारं औषध घेणाऱ्यांसाठी: हिरव्या पालेभाज्यांत के जीवनसत्त्व असतं आणि ते औषधाच्या विरुद्ध काम करतं. भाजी बंद करायची नाही, पण अचानक रोज पेलाभर हिरवा रस सुरूही करायचा नाही. खाण्यात सातत्य हवं.

मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांसाठी सगळ्यांत मोठा टाइप. संत्रं, टोमॅटो, गाजर, बीट, पालक यांच्या रसात पोटॅशियम एकवटून येतं, आणि मूत्रपिंड ते बाहेर टाकू शकत नसेल तर हृदयाचे ठोके बिघडतात. शिवाय पालकात मूत्रपिंडात साचून त्रास देणारं ऑक्झलेट, १०० ग्रॅमला अर्ध्या ग्रॅमहून जास्त. ताटात वाढलेला पालक माणूस मूठभर खातो, रसात अख्खी जुडी जाते. अशा हिरव्या रसांच्या अतिरेकानं मूत्रपिंड निकामी झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

२७ फेब्रुवारी

स्वच्छतेचं अर्धं पान. १९९६ मध्ये अमेरिकेत पाश्चराइज न केलेल्या सफरचंदाच्या रसातून ई. कोलाय जिवाणूंची साथ पसरली, एक मूल दगावलं, आणि २००१ मध्ये तिथे रस उत्पादकांसाठी नवे नियम आले. घरी एवढंच: फळ सोलायचं असलं तरी आधी धुवायचं, कारण सुरी सालीवरची घाण आत नेते. किडका, मऊ पडलेला भाग टाकायचा. काढला की प्यायचा, ठेवायचाच असेल तर झाकून फ्रिजमध्ये आणि दुसऱ्या दिवशी संपवायचा. गरोदर बाई, लहान मूल, केमोथेरपी चालू असलेला रुग्ण यांनी बाहेरचा न तापवलेला रस टाळायचा.

काकडी-भोपळ्याच्या कुळातलं काहीही रसाआधी चाखायचं. कडू लागलं तर सगळं फेकून द्यायचं. कडवटपणा म्हणजे कुकर्बिटॅसिन, आणि ते विषारी आहे. ‘कडू म्हणजे औषधी’ ही समजूत इथे जिवावर बेतते. हे वाक्य चौकटीत, लाल रंगात.

दातांची ओळ राहिली होती, ती घातली. साडेपाचच्या खाली पीएच (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) गेला की दाताचं कवच विरघळू लागतं. संत्र्याचा रस साडेतीन ते चारच्या मध्ये, लिंबाचा त्याहून बराच खाली. घोट घोट करत तासभर पीत बसू नका, आणि प्यायल्यावर लगेच ब्रश नको.

३ मार्च

‘शरीरशुद्धी’वर मॅडमशी लांबलचक चर्चा. त्यांचं म्हणणं, लोकांना दुखवू नका. माझं म्हणणं, यकृत आणि मूत्रपिंडं हे काम चोवीस तास करतात, रसाच्या उपवासानं ते जास्त चांगलं होतं असा पुरावा नाही. तीन-चार दिवसांत वजन उतरतं ते मुख्यतः पाणी आणि साठवलेलं ग्लायकोजेन. प्रथिनं मिळत नाहीत म्हणून अशक्तपणा येतो, आणि ‘विष बाहेर पडतंय’ अशी त्याची समजूत घातली जाते. ताज्या रसातल्या ‘जिवंत विकरां’चा दावाही तसंच प्रकरण, जठरातल्या आम्लात इतर प्रथिनांसारखी तीही पचून जातात.

कर्करोगाच्या रुग्णांचे नातेवाईक गर्सन उपचाराबद्दल विचारतात: रोज तेरा पेले ताजा रस आणि बाकी बरंच काही. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेनं १९४७ मध्ये १० आणि १९५९ मध्ये ५० रुग्णांच्या नोंदी तपासल्या, फायदा दिसला नाही. मॅडमनी हा परिच्छेद वाचला, बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग ‘असू दे’ म्हणाल्या. भाषा मात्र मऊ केली. ज्यांच्या घरात हे आजारपण चालू आहे त्यांना खिजवायचं नाहीये.

६ मार्च

कच्ची प्रत बाकावर वाचायला दिली. एका आजींनी चष्मा चढवून पेल्या-ताटलीचं चित्र बारकाईनं बघितलं आणि विचारलं, ‘मग चांगलं ते सगळं ताटलीत, नि आम्ही प्यायचं काय?’ म्हणजे चित्र तिरकं बसलंय. पेल्याखाली क जीवनसत्त्व, पोटॅशियम, नायट्रेट ही नावं आहेत, पण बारीक टायपात. ती मोठी केली.

दुसरा एक जण इन्शुलिन घेणारा. म्हणाला, ‘डॉक्टरांनी तर मला रस जवळ ठेवायला सांगितलाय.’ अगदी खरं. साखर ७० च्या खाली गेली की १५ ग्रॅम झटपट लागणारी कर्बोदकं घ्यायची, म्हणजे साधारण १२० मि.ली. फळाचा रस, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची. साखर भरभर चढवणारा जो गुण एरवी नडतो, तोच इथे जीव वाचवतो. नवी चौकट केली. यात भाज्यांचा रस चालणार नाही, हेही लिहिलं.

१० मार्च

छपाईची प्रत आली. नाव बदलून ‘ताजा रस: कशाचा, किती, कुणासाठी’ झालं. मॅडमनी तो ‘संबंध दाखवतो, कारण सिद्ध करत नाही’ खरंच काढला होता, मी तंतूंच्या ओळी आवळून त्याला जागा केली. पेल्यावरची १५० मि.ली.ची रेघ मांडणीत वर सरकून जवळजवळ काठाला लागली होती, ती पुन्हा मापून खाली घ्यायला सांगितलीय. डायलिसिस विभागानं त्यांच्या रुग्णांना हे चार पानी पत्रक देऊ नका असं कळवलंय. त्यांना पोटॅशियमचं वेगळं एकपानी कार्ड हवंय, मजकूर गुरुवारपर्यंत.